हिंमतरावाची कॉलर

टेंपोतला पहिला पाइप खाली घेताना हिंमतरावानं तो तळहातावर तोलला आणि तिथंच त्याचं तोंड वाकडं झालं.

"हलका हाय," तो म्हणाला.

वरून दुसरं टोक सोडणारा दिग्विजय हसला. "हलकाच असतो तात्या. जुन्या पाइपाच्या निम्मं वजन."

"निम्मं वजन म्हंजी निम्मा माल. ऱ्हायलेला निम्मा कुणाच्या घरात गेला?"

दिग्विजयचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, पण आतून गेलं. तो हिंमतरावाचा पुतण्या, धाकट्या रंगरावाचा मुलगा. बुधवार पेठेतल्या पाइपांच्या दुकानात कामाला. हा माल त्यानंच दुकानातून आणला होता, दोन्ही घरांच्या पैशानं, दोन्ही घरांच्या विहिरीसाठी.

सुशीलाबाई अंगणाच्या कडेला गुलाबाच्या पिशव्यांत माती भरत होती. तिनं मान वर केली नाही, पण कान तिकडंच होते. नवऱ्याचं म्हणणं तिला पटलं. पाइप टेंपोतून उतरताना आवाजसुद्धा येत नव्हता. पूर्वीचे पाइप पडले की धाडधाड वाजायचे. हे कागदाच्या नळकांड्यासारखे अंगणात येऊन पडत होते, निळेशार, बाजारातल्या खेळण्यासारखे.

वाडी कात्रजच्या वरच्या अंगाला, टेकडीच्या उतारावर. शहराच्या हद्दीत जाऊन वर्षं झाली. हद्दीबरोबर पाट्या आल्या, घरपट्टी आली, खाली रस्त्याला टॉवर उभे राहिले. नळ अजून वाटेत होता. विहीर खाली ओढ्याजवळ, घर वर, आणि मधे दमछाक करणारा चढ. विहिरीवरून घरापर्यंत गेलेला जुना पाइप टॉवरवाल्यांच्या जेसीबीखाली चुरडला. तेव्हापासून सुशीलाबाई डोक्यावरून पाणी वाहत होती. घरापुरतं नव्हे, नर्सरीपुरतं. गुलाब, मोगरा, कढीपत्ता, शहरातल्या लोकांच्या गॅलऱ्यांसाठी. रोपाला तहान लागली की ते बोलत नाही, माना टाकतं. मानेच्या शिरा आणि गुडघे मात्र बोलतात. तिचा उजवा गुडघा चढावर प्रत्येक पायरीला करकर वाजायचा आणि ती त्याला शिव्या द्यायची, कारण दुसरं कुणी शिव्या खायला नव्हतं.

रंगरावानं रस्त्याकडची आपली जमीन टॉवरवाल्यांना विकली होती. आता त्यांना विहीर पण हवी होती. विहीर सामाईक, हिंमतराव सही करीना. मग एक दिवस पारावर चार माणसांत रंगराव म्हणाला, "दादा, पाणी वर चढवता येत न्हाय, तर इहीर उराशी धरून काय करतोस? नातवंडं पवायला यायची हायत का?"

ते वाक्य हिंमतरावाच्या अंगात काट्यासारखं मोडलं होतं. पाणी वर चढलं तर विहिरीचं नाव काढणार नाही, असं म्हणून रंगरावानं पाइपाचे निम्मे पैसेही तिथंच टाकले होते. पाइप टिकला, पाणी वर आलं, तर विहीर राहणार. पाइप फुटला तर रंगराव म्हणतो ते खरं. विहीर जाणार, आणि विहिरीमागून सुशीलाबाईचे गुलाब. आणि हा असला पाइप आणला कुणी? रंगरावाच्या पोरानं.

"तुला काय वाटतं?" संध्याकाळी हिंमतरावानं तिला विचारलं.

"मला काय वाटायचंय," ती म्हणाली. "पातळ हाय."

तेवढंच म्हणाली. पण तेवढ्यानं त्याचं पक्कं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिग्विजय कामावर जायच्या आधी वर आला. ह्या पोराला सुशीलाबाईनं वाढवलं होतं. त्याची आई गेली तेव्हा तो भिंत धरून चालत होता. काकीच्या पदराला धरून चालायला लागला तो शाळेत जाईपर्यंत. आजही तो आला की न विचारता चुलीपाशी बसायचा आणि न विचारता त्याच्या पुढ्यात चहा यायचा.

"तात्या, तुमच्या डोक्यात काय चाललंय ते मला समजतं," तो म्हणाला. "पण पातळ म्हणजे कमजोर नसतं. काकी, दुधाची पिशवी दे."

तिनं कापलेली रिकामी पिशवी पुढं केली. त्यानं तिची एक पट्टी कातरली आणि दोन्ही हातांनी हळूहळू ओढली. पट्टी लांबली, अरुंद झाली, मधे पांढुरकी पडली. मग ती लांबायची थांबली.

"आता तोड."

सुशीलाबाईनं दोन्ही टोकं बोटांना गुंडाळून हिसका दिला. पट्टी तुटली नाही. बोटात रुतली, कातडीवर लाल रेघ उठली.

"बघ. आधीपेक्षा पातळ झाली ना? मग तुटत का नाही? प्लॅस्टिकच्या आत बारीक साखळ्या असतात. साध्या पाइपात त्या गुंतवळासारख्या पडलेल्या, कुठली कुठंही. हा पाइप फॅक्टरीत आधी जाड आणि अरुंद काढतात, मग गरम असताना आतून फुगवून ताणतात. साखळ्या सगळ्या एका अंगाला येतात, पाइपाच्या गोलाईबरोबर. आणि तशाच गार करून धरून ठेवतात. पाणी आतून जोर लावतं ना, त्या जोराला त्या आडव्या येतात. म्हणून कमी मालात जास्त प्रेशर घेतो. ओरिएंटेड म्हणतात ह्याला. कंपनीवाल्यांनी आमचं सगळं ट्रेनिंग घेतलंय."

हिंमतरावानं चहाची बशी खाली ठेवली. "म्हंजी पायपाला येणी घातलीय म्हण की."

"तसंच समजा."

"आनि फुलं कवा माळायची?"

दिग्विजय उठला. चहा त्यानं संपवला होता, पण उठताना कपाकडं पाहिलं नाही. "तात्या, तुम्ही आयुष्यभर पाइप जोडलेत. मी खोटं कशाला सांगू?"

"त्येच तर बघतोय," हिंमतराव म्हणाला, "कशाला सांगतोस ते."

तो गेल्यावर हिंमतराव बायकोला म्हणाला, "दुधाची पिशवी दाखवून गंडवतंय मला. बापाची चाल हाय ही. पाइप फुटला की इहीर आयती त्याच्या घशात."

सुशीलाबाई बोटावरची लाल रेघ चोळत बसली. पट्टी तुटली नव्हती हे खरं. पण हे पोर शहरात राहून गोड बोलायला शिकलं होतं, हेही खरं.

चर खोदायला त्यांना बरेच दिवस लागले. मजूर परवडत नव्हते. हिंमतराव पारई मारायचा, ती घमेल्यानं माती काढायची. उन्हात मुरूम तापून पायाला चटके द्यायचा. पारई दगडावर आदळली की हिंमतरावाच्या खांद्यातून कळ जायची आणि तो तोंडातल्या तोंडात भावाचं नाव घ्यायचा. खालून रंगराव पांढऱ्याशुभ्र कपड्यात विहिरीपर्यंत फेरी मारून जायचा, पारईला हात न लावता. त्याची पाठ दुखत असे. जमीन विकल्यापासून दुखत होती.

सुट्टीच्या दिवशी दिग्विजय यायचा. ह्या पाइपांना एका टोकाला तयार तोंड होतं, आत रबराची रिंग. दुसऱ्या पाइपाच्या टोकाला साबणाचं पाणी लावायचं आणि सरळ आत ढकलायचं, झालं काम. ना जाळ, ना सुलोचन.

सुलोचन म्हणजे सोल्युशन, डब्यातला चिकट डिंक. आणि जाळ म्हणजे हिंमतरावाची सगळी कीर्ती. पाइपाचं टोक काटक्यांच्या जाळावर धरायचं, फिरवत फिरवत मऊ करायचं, मऊ झालं की बाभळीचा तासलेला ठोकळा त्यात दाबायचा. टोक फुगतं, गार झालं की तसंच राहतं. त्या फुगवलेल्या टोकात सुलोचन लावून पुढचा पाइप बसवायचा. वाडीत त्याला कॉलर म्हणत. हिंमतरावाची कॉलर गळत नाही, हे कात्रजपासून खडकवासल्यापर्यंतच्या मळेवाल्यांना ठाऊक. आणि त्या बोलण्यानं तो शर्टाचीही कॉलर ताठ करून चालायचा. पाइप जाळावर फिरवण्याचं काम मात्र लग्न झाल्यापासून सुशीलाबाईचं. किती फिरवायचा, कुठं थांबायचं, हे तिच्या मनगटाला कळायचं. डाव्या मनगटावर भाजल्याचा चट्टा होता. चट्टा तिचा, कॉलर हिंमतरावाची. असंच चालत आलं होतं आणि कुणी त्यावर बोललं नव्हतं.

आता साबणाचं पाणी. हिंमतराव पाइपाला ते लावताना नातवाला न्हाऊ घालतोय असं दिसायचा, आणि खालून कुणी पाहत तर नाही ना, म्हणून मागं वळून बघायचा.

काम निम्म्यावर आलं आणि चरात मोठा खडक लागला. वळसा घ्यावा लागला. वळशाला एक पाइप मधे कापावा लागला. कापलेल्या टोकाला तोंड कुठलं? जोडायचं कशात?

"कपलर लागेल, दोन्हीकडं तोंड असलेला तुकडा," दिग्विजय म्हणाला. "दुकानात संपलाय. या आठवड्यात येतो, आला की आणतो. तोवर थांबा." मग तो सुशीलाबाईकडं वळला, जरा हळू बोलला. "काकी, एक सांगतो. तात्यांना घाई असते. ह्या पाइपाला जाळ दाखवायचा नाही. अजिबात नाही. बाकी काय पण करा."

"का रं?"

"जाळ लागला की सगळं गेलं. परत पहिल्यासारखं होतं."

तो गेला. हिंमतराव कापलेलं टोक हातात धरून तसाच बसून होता. तिनं निरोप सांगितला, शब्दाला शब्द. सांगता सांगताच तिच्या मनात आलं ते त्याच्या तोंडून बाहेर पडलं.

"जाळाला भितोय तो. जाळात कळतं ना खरं. भेसळीचा माल जाळावर बोलतो."

"मलाबी तसंच वाटलं," सुशीलाबाई म्हणाली.

"पेटव."

तिनं काटक्या आणल्या. आपण काय करतोय ते तिला माहीत होतं. पोरानं नको म्हटलं होतं, आणि नको म्हटलं म्हणूनच ती जाळ करत होती. काही लपवायचं नसेल तर नको कशाला म्हणावं?

जाळ धरला. तिनं पाइपाचं टोक वर धरून फिरवायला सुरुवात केली. नेहमी मऊ होताना पाइप हातात जड वाटायचा, पिकत आलेल्या फळासारखा. हा मात्र हातात हलला. जिवंत असल्यासारखा हलला. तिच्या डोळ्यांदेखत टोक आत आत जाऊ लागलं, आखडू लागलं, गोगलगाय शिंगं ओढून घेते तसं. भिंत जाड होत गेली, भोक बारीक होत गेलं. ती घाबरून पाइप बाजूला घेते तोवर टोकाचं जाडजूड, बुटकं कडं झालं होतं. ठोकळा त्यात शिरणं शक्यच नव्हतं.

हिंमतराव थुंकला. "बघितलंस? ह्यो माल. जाळ दिसला की वळून गोळा होतोय. कचऱ्याचं पिलास्टिक."

त्यानं आरीनं ते कडं कापून टाकलं. ते उडून जाळापाशी पडलं.

"आता हिथं ठोकळा आधीच घाल," तो म्हणाला. "आखडायला जागाच द्यायची न्हाय."

ठोकळ्याचं निमुळतं तोंड आधीच टोकात बसवलं. तिनं जाळावर फिरवलं, तो ठोकळा रेटत गेला. पाइप आखडायला बघत होता, ठोकळा आखडू देत नव्हता. लाकूड आणि पाइप दोघे एकमेकांना दाबून राहिले आणि गार झाले. ठोकळा काढला तेव्हा कॉलर सुरेख निघाली होती. पातळ, गोल, निळी. हिंमतरावानं तिच्यावरून अंगठा फिरवला, सुलोचन लावलं, पुढचा पाइप आत बसवला.

"हां," तो म्हणाला. "असल्या मालाला बी सरळ केलं."

मोटर सुरू केली त्या दिवशी सगळी वाडी विहिरीवर. रंगरावसुद्धा होता, पांढऱ्या कपड्यात. दिग्विजय दुकानात होता; त्याला कुणी कळवलंच नव्हतं. पाणी पाइपात शिरलं, पाइप थरथरला, चढाला लागला. सुशीलाबाई वर टाकीपाशी उभी होती. टाकीच्या तोंडाशी हवा फुसफुसली, आणि मग खाली, खडकाच्या वळणावर, गोणी फाटावी तसा आवाज झाला. पाण्याचा फवारा झाडांच्या वर गेला आणि चराची सगळी माती वाहून खाली आली.

रंगरावानं धोतराचा सोगा उचलून धरला. "दादा, न्हातोस का त्यात? निदान तेवढा तरी उपेग हुईल."

लोक हसले. हिंमतराव चिखलात उतरला. कॉलरीपासून पाइप उभा फाटला होता, हातभर. सुशीलाबाई धापा टाकत खाली आली तोवर त्यानं फाटलेला तुकडा आरीनं कापून काढला होता आणि आता त्याची कॉलर वेगळी करत होता.

"ते कशाला कापताय?"

"येवढं लांबडं बसमधी कसं न्यायाचं?"

पण कॉलर वीतभर होती आणि राहिलेला पाइप तिच्या दुप्पट. त्यानं छोटा तुकडा ओढ्यात भिरकावला आणि मोठा खांद्यावर टाकला.  सुशीलाबाईच्या मनात त्याची नोंद झाली, आणि ती नोंद पुन्हा पुन्हा वर येत राहिली.

तो थेट बुधवार पेठेत गेला. दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, फाटका पाइप काउंटरवर आपटला आणि पुतण्याचं नाव घेऊन म्हणाला, की ह्या पोरानं चांगला माल विकून खाल्ला आणि आमच्या गळ्यात हा कचरा मारला. दुकानाचे मालक दीनानाथ. अंगानं बारीक, बोलणं त्याहून बारीक. त्यांनी चष्मा वर करून तुकड्याकडं पाहिलं.

"अर्धाच आणलात. बाकीचा घरी ठेवलात? शोभेला?"

"फाटलेला हाय तेवढा आणलाय."

"ठीक. मी स्वतः येऊन पाहतो. मुलगा म्हणतोय, माल चांगलाच आहे; तसं असेल तर आपण माफी मागाल. आपण म्हणताय तसं असेल तर मुलगा उद्यापासून दुकानात दिसणार नाही. चोर ठेवण्याइतकं मोठं दुकान नाही माझं."

हे सगळं हिंमतरावानं घरी येऊन चढ्या आवाजात सांगितलं. शेवटचं वाक्य दोनदा. दिग्विजय तिथं मान खाली घालून उभा होता, हेही सांगितलं. त्याला त्यात सुख वाटत होतं आणि ते लपवावंसं वाटत नव्हतं.

सकाळी तो गुरांना घेऊन गेल्यावर सुशीलाबाईनं पाण्याची घागर उतरवली. घागर कलंडायची, म्हणून तिनं तिच्याखाली त्या दिवशी चरावरून उचलून आणलेलं ते जाड निळं कडं ठेवलं होतं. चांगलं बसत होतं. आज तिनं ते हातात घेतलं. जुन्या पाइपाइतकं जाड. नव्हे, जास्तच. नख रुतत नव्हतं. एवढा जाड माल ह्या पातळ पाइपात आला कुठून?

तिनं दुधाची पिशवी कापली. एक पट्टी काढली, दिगूनं ओढली तशी ओढली, लांब, अरुंद, पांढुरकी. तोडून पाहिली. नाही तुटली. मग काडी ओढून तिच्याजवळ नेली.

पट्टी हलली. वळवळली, आखडली, आत आत आली, पुन्हा बुटकी आणि जाड झाली. तिनं ती जरा निवू दिली आणि ओढली. आता ती लुळी होती, पिठाच्या गोळ्यासारखी ताणली जात होती. परत पहिल्यासारखं होतं, तो म्हणाला होता.

सुशीलाबाई चुलीपुढं बसून राहिली. ताणून धरलेलं सगळं जाळात सुटलं होतं. पहिल्या वेळी पाइप निदान उघड आखडला, उघड सांगत होता. दुसऱ्या वेळी ठोकळा घालून त्याला बोलूच दिलं नव्हतं. दिसायला पातळच राहिला, आतलं बळ मात्र गेलं. आणि नवऱ्याला हे कधी कळलं? कॉलर ओढ्यात टाकताना? का त्याच्या आधी? तिला त्याचा इतका संशय आला, की तो गुरं घेऊन परत येताना कसा चालतो इथपर्यंत तिनं पाहिलं. तो नेहमीसारखाच चालत होता. तेवढ्यानं संशय कमी झाला नाही.

"अहो," ती म्हणाली, "पायपाला आपुन जाळ दावला हुता, त्ये सांगितलंत का दुकानात?"

त्यानं तिच्याकडं पाहिलंच नाही. "कशाला सांगायचं? जाळ दावल्याबिगर कॉलर हुती का? समद्या पायपांना दावतो."

"दिगूनं नको म्हटलं हुतं."

"मला म्हटलं न्हवतं. तुला म्हटलं हुतं." त्यानं गुराचं दावं खुंट्याला आवळलं. "आनि तू सांगितलं न्हाईस मला. कळलं?"

 इतक्या वर्षांच्या संसारात त्यानं तिला पुष्कळ गोष्टी गिळायला लावल्या होत्या. ही पहिली होती जी घशातून खाली उतरेना.

दीनानाथ रिक्षानं आले. पायांत चामड्याचे बूट, त्यांनी चिखल पाहून बूट काढले आणि मोजे खिशात घातले. मागून दिग्विजय. तो काकीकडं न बघता बाजूला उभा राहिला. रंगराव आला, वाडीतली माणसं आली. फुकटचा तमाशा कुणी सोडत नाही.

दीनानाथ खडकाच्या वळणाशी उकिडवे बसले. कॉलरीत बसवलेल्या पुढच्या पाइपाच्या टोकावरून बोट फिरवलं. मग बोट नाकाजवळ नेलं.

"ह्याला सोल्युशनचा वास येतोय. रबर-रिंगच्या पाइपाला सोल्युशन कुणी लावलं?"

"मीच. पक्कं बसावं म्हणून," हिंमतराव म्हणाला.

"बरं. आणि जोडलंत कशात? इथं कपलर तर नाही."

"बसवलं आपलं."

"कशात बसवलंत, ते विचारतोय. हवेत?"

कुणीतरी हसलं. हिंमतरावाचे कान लाल झाले.

"जाळ दाखवला होता का?" दीनानाथांनी सरळ विचारलं.

"न्हाय."

"नक्की?"

"न्हाय म्हणलो ना. तुमच्या पोराचा माल खराब हाय, त्ये बघा."

दिग्विजय एक पाऊल पुढं आला. "मी स्वतः सांगितलं होतं, जाळ..."

"कुणाला सांगितलंस?" हिंमतराव ओरडला. "माझ्याशी बोललास?"

दिग्विजयनं तोंड उघडलं, आणि त्याची नजर काकीकडं गेली. पहिल्यांदाच. मग त्यानं तोंड मिटलं. काकीचं नाव त्यानं घेतलं नाही.

दीनानाथ उठले, हात झटकले. "पुरावा काहीच नाही. हे म्हणतात जाळ नाही, तू म्हणतोस सांगितलं होतं. हातात काय आहे? फाटलेला पाइप, आणि तो माझ्या दुकानातला. दिग्विजय, उद्या येऊन हिशेब घेऊन जा. वाईट वाटून घेऊ नकोस, मलाही वाटत नाहीये."

रंगराव हसला, पण हसणं अर्धवट राहिलं. पोरगं त्याचं होतं, तेवढं त्याला आठवलं. त्यानं तोंड फिरवलं. विहीर समोरच होती.

सुशीलाबाई वळली आणि घराकडं चढायला लागली. गुडघा करकर वाजत होता. लोकांना वाटलं, बाई रडायला गेली. हिंमतरावालाही तसंच वाटलं, म्हणून त्यानं हाक मारली नाही. ती परत उतरून आली तेव्हा तिच्या हातात घागरीखालचं ते निळं कडं होतं. तिनं ते दीनानाथांच्या पुढ्यात धरलं.

"ह्ये त्याच पायपाचं टोक हाय. जाळात आखडलं. जाळ मी धरला हुता."

 ओढ्यातल्या बेडकांचा आवाज ऐकू आला.

"ह्यानं मला सांगितलं हुतं नको म्हणून. म्या ह्यांना सांगितलं. आनि सांगून सवरून दोघांनी जाळ केला. ह्यो नको म्हणतोय म्हंजी काहीतरी लपवतोय, आसं वाटलं." तिनं दिग्विजयकडं पाहिलं. "वाढवला म्या त्याला. तरी वाटलं."

दीनानाथांनी कडं हातात घेतलं, उलटंसुलटं केलं, बोटांच्या चिमटीत जाडी मापली. मग हिंमतरावाकडं पाहिलं. त्यांना काहीतरी झोंबणारं बोलायचं होतं, ते ओठांपर्यंत आलेलं दिसलं. बाईच्या मनगटावरच्या चट्ट्याकडं त्यांचं लक्ष गेलं आणि त्यांनी ते परत गिळलं.

"कपलर उद्या पाठवतो," ते म्हणाले. "दिग्विजयच घेऊन येईल. दुकानातला माणूस म्हणून."

हिंमतराव उभा होता तिथंच उभा राहिला. त्याच्या शर्टाची कॉलर एका बाजूनं आत दुमडली होती. नेहमी ती सुशीलाबाई सरळ करायची. आज तिनं हात पुढं केला नाही.

"तुला एवढंच करायचं हुतं?" तो हळू म्हणाला, फक्त तिला ऐकू येईल असं.

"कॉलर तुमची म्हणून फिरवली ना जनमभर," ती म्हणाली. "जाळ माझा हुता, त्येवढा मी घेतला."

दुसऱ्या दिवशी दिग्विजय कपलर घेऊन आला. साबणाचं पाणी त्यानं स्वतः कालवलं. हिंमतराव चराच्या कडेला बसून होता, बाभळीचा ठोकळा मांडीवर घेऊन. पाइप आत गेला, रबराची रिंग बसल्याचा हलका आवाज झाला. मोटर चालू केली. खडकाच्या वळणाशी माणसं दूर सरून उभी राहिली. पाइप थरथरला, पण धरला. वर टाकीत पाणी पडायला लागलं तेव्हा आवाज खालपर्यंत आला. रंगराव तो ऐकत थोडा वेळ उभा राहिला आणि कपडे सांभाळत रस्त्याकडं निघून गेला.

हिंमतराव उठला. पाइपापाशी गेला आणि त्यानं कान टेकवला, अजूनही विश्वास नसल्यासारखा. बराच वेळ टेकवून राहिला.

सुशीलाबाईनं चहा ठेवला होता. दिग्विजय हत्यारं घ्यायला वर आला. तिनं कप चुलीपाशी ठेवला, नेहमीच्या जागी.

"दिगू, बस."

"नको काकी. दुकानात जायचंय." तो दारातच उभा होता. "परत कधी जोड उघडला तर रिंगवर माती जाऊ देऊ नकोस. बाकी टिकेल. पन्नास वर्षं टिकतो म्हणतात."

"येत जा मधनं."

"येतो ना," तो म्हणाला, आणि हत्यारांची पिशवी खांद्याला लावून उतरणीला लागला. ह्या घरात त्यानं चहाला आजवर कधी नको म्हटलं नव्हतं. चहा पिऊ का, असं विचारलंही नव्हतं.

टाकी भरून वाहायला लागली. तिनं मोगऱ्याच्या पिशव्यांना पाइप लावला, पाणी जोरात आलं, माती उडाली. कप तिथंच होता. चहावर साय धरली. तिनं तो उचलला आणि स्वतःच पिऊन टाकला, थंडगार, उभ्याउभ्या.